रविवारचं माप

थोरल्यानं वडिलांच्या शोकसभेचं भाषण एका बैठकीत लिहून काढलं आणि लिहिताना तो कुठेही अडखळला नाही. खरं तर याचीच त्याला लाज वाटायला हवी होती. विमा कंपनीत आलेले दावे तपासण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. खरं बोलणारा माणूस तारखा चुकतो, खोटं बोलणारा चुकत नाही, असं तो नव्या लोकांना ऐटीत सांगायचा. आणि आता त्यानंच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : 'गेली चार वर्षं मी दर रविवारी दुपारी चार वाजता बाबांना भेटायला जात असे.'

चार वर्षांत तो एकदाही गेला नव्हता. बसनं चाळीस मिनिटांचा रस्ता.

वडील टेलर होते. अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. खाली दुकान, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पोट सुटलेल्या गिऱ्हाइकाच्या कमरेचा आकडा त्यांनी कधी मोठ्यानं उच्चारला नाही. गुपचूप स्वतःच वहीत लिहायचे. वाढत्या वयाच्या मुलांच्या शिवणीत दोन बोटं कापड जास्त सोडायचे आणि पुढच्या वर्षी फुकट उसवून द्यायचे. बायकोला त्यांनी जन्मात चढ्या आवाजात हाक मारली नाही, आणि नातीच्या बाहुलीला खिसा असलेला कोट शिवून दिला, कारण नात म्हणाली होती की बाहुलीला हात कुठे ठेवायचे ते कळत नाही. धंद्यात त्यांचा एकच हट्ट असे. माप अंगावर घ्यायचं. जुन्या कपड्यावरून नाही, आणि आठवणीतून तर नाहीच नाही.

चार वर्षांपूर्वी त्यांनी थोरल्याला कोट शिवला. ऑफिसात कोणीतरी हसलं, "साहेब, एक खांदा खाली गेलाय की!" थोरला तडक दुकानात गेला, कोट काउंटरवर टाकला आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "बाबा, आता तुमच्यानं होत नाही. हात थरथरतात तुमचे. बंद करा हे." मास्तर गळ्यातली टेप काढून तिची गुंडाळी करत राहिले. त्यानंतर थोरल्याला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. पुढच्या रविवारी जाऊ, असं म्हणता म्हणता चार वर्षं सरली, आणि एका मंगळवारी मास्तर झोपेतच गेले.

सभा टेलरांच्या संघटनेच्या हॉलमध्ये होती. ते वाक्य आलं तेव्हा थोरल्यानं चोरट्या नजरेनं धाकट्या बहिणीकडे पाहिलं. ती परगावी राहायची, पण दर रविवारी आईला फोन करायची. पकडलं तर तीच पकडणार होती. पण तिनं मान हलवली आणि डोळ्यांना रुमाल लावला.

नंतर ती म्हणाली, "दादा, आई मला फोनवर म्हणायची, आत्ता ठेव, थोरला आलाय. मला इतका हेवा वाटायचा रे तुझा!"

खालच्या मजल्यावरच्या बाई पुढे आल्या. "चारला जिन्यात पावलं वाजली की आम्ही घड्याळ लावून घ्यायचो. असा मुलगा मिळायला नशीब लागतं."

मास्तरांना तपासायला येणाऱ्या डॉक्टरांनी त्याचा हात दाबला. "तुम्ही नेहमी खिडकीपाशी पाठमोरे उभे. बोलत मात्र नव्हता फारसे."

"हो," थोरला म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

बाजूला उभ्या असलेल्या त्याच्या दहा वर्षांच्या मुलीनं, ठकीनं, बाही ओढली. "बाबा, रविवारी तर तुम्ही घरी झोपलेले असता."

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नये," तो म्हणाला. ती आपल्या बुटांकडे बघत राहिली. तिथे त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या रात्री त्यानं व्यवसायाला शोभेल असा हिशोब मांडला. म्हाताऱ्यानं शेजारपाजाऱ्यांत मुलाची अब्रू झाकायला कोणाला तरी बोलावून घेतलं असणार. एखादं जुनं गिऱ्हाईक, त्याच्याच अंगलटीचं. या विचारानं त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून पुन्हा लाज वाटली.

शनिवारी तो दुकान आवरायला गेला. काजवाले काका तिथे होते. शर्टांना काजं करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि थोरल्याला त्यांनी चड्डीत पाहिलेलं होतं.

"काका, रविवारी बाबांकडे कोण यायचं?"

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "थट्टा करतोस? तूच की. मी खाली बसायचो. मास्तर वरून ओरडायचे, थोरल्याचं माप घेतोय, वही पाठव." ते थांबले. "पण एक सांग, माणसाचं माप दर आठवड्याला घेतात का रे?"

त्यांनी वही उघडून दिली. एक अख्खी वही नुसत्या थोरल्याची होती, प्रत्येक पानावर एक रविवार. पहिली सहा पानं कोरीच, वर फक्त तारीख. सातव्या पानावर एकच आकडा, उंचीचा. छाती, कंबर, बाही, सगळीकडे आडव्या रेघा. दोन महिन्यांनी खांद्याची रुंदी आली. मग गळा. मग डाव्या हाताची लांबी, आणि उजव्या हाताची त्यानंतर तब्बल पाच आठवड्यांनी. थोरल्यानं सवयीनं अक्षर तपासलं. मास्तरांचंच होतं, कुठेही थरथर नव्हती.

शेवटच्या पानावर सगळी मापं होती. खाली लिहिलं होतं, 'उजवा खांदा अर्धा इंच उतरता.'

"हे काय?"

"तुझा खांदा. लहानपणापासून तसाच आहे," काका म्हणाले. "म्हणून तर त्या कोटाचा खांदा मास्तरांनी तसा कापला होता. कोट बरोबरच होता रे. तू नुसतं आरशात बघायला हवं होतंस."

थोरला स्टुलावर बसला. काकांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यानं वहीशेजारी ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तो तिसऱ्या मजल्यावर गेला. साडेतीन वाजले होते. आईनं दार उघडलं, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, तू होय."

ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तो उभ्या उभ्याच बोलून मोकळा झाला. "आई, मी खोटं बोललो. मी कधीच आलो नाही. एकाही रविवारी नाही."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"आई आहे मी. जगाला कळलं नाही तरी मला कळणारच." तिनं चादरीचं टोक जुळवलं. "तू कोट टाकून गेलास, त्याच रविवारी हे टेप घेऊन खोलीच्या मधोमध उभे राहिले. रिकाम्या जागेभोवती टेप धरायचे. म्हणायचे, थोरला इतका असेल नाही आता? मी म्हटलं, भ्रमलेत. असे सहा रविवार गेले. सातव्याला त्यांनी हात सोडला आणि टेप खाली पडली नाही."

थोरल्यानं खोलीच्या मधोमध पाहिलं.

"आधी मी घाबरले. पण तो आला की हे पोटभर जेवायचे. हसायचे. मग मीही दोन माणसांऐवजी तिघांचं करायला लागले."

"आई, आता मी आलोय ना. मी येत जाईन. दर रविवारी."

आईनं घडीवर हात फिरवला. "भाषणातही हेच म्हणालास."

तो खाली बघत राहिला.

"रागावले नाही मी तुझ्यावर," ती म्हणाली. आवाज पूर्वीसारखाच मऊ होता. "पण चार वाजत आले. तू असलास तर तो यायचा नाही. आणि ह्यांच्यामागे रविवार मला एकटीला जात नाही. जा बाळा. घरी पोर वाट बघत असेल."

हट्ट करायला हवा होता. तिथेच फतकल मारून बसायला हवं होतं. पण जा म्हटल्याबरोबर त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि हे आईला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तिनं नजर दुसरीकडे वळवली. थोरल्यानं चपला घातल्या.

तो दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरला. जिना रिकामा होता. खालून कोणी वर आलं नाही, त्याच्या शेजारून कोणी गेलं नाही.

वर कडी वाजली.

"आलास? ये," आई म्हणाली. तिच्या आवाजात इतका आनंद त्यानं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

त्यानं कठडा धरला. परत वर जायला बारा पायऱ्या होत्या. त्याचा पाय उचलेना.

मग वरून, थोरल्याच्याच आवाजात, हलकेच कोणीतरी विचारलं, "गेला का तो?"