बासष्ट शिपाई आणि एक बोडी

फासा : सहा

"खुशबू, पळ! काचेचं कपाट रिकामं आहे!"

बंटी धापा टाकत ओरडला आणि खुशबूच्या हातातला कुंचला तसाच राहिला. दरेकशाच्या वाचनालयातल्या त्या कपाटात तिची फौज मांडली होती. गोंडराजाचे बासष्ट शिपाई! अंगठ्याएवढे, तारेच्या सांगाड्यावर कच्ची माती थापलेले, टाचणीच्या टोकानं डोळे रंगवलेले. वर्ष गेलं होतं त्यात. उद्या सकाळच्या गाडीनं ते गोंदियाला निघणार होते, टेबलावरच्या लढायांच्या स्पर्धेला. फासा टाकायचा, पट्टीनं मोजून शिपाई सरकवायचे. एक नियम मात्र कडक : रंग नाही, त्याला चाल नाही.

फासा : चार

कुलूप शाबूत. फळीवर हळदकुंकू आणि चार तांदूळ.

"चोरानं पूजा काऊन केली?" बंटीनं डोकं खाजवलं.

"चावी गुलाबचंदकाकांजवळ राहते," रविता म्हणाली. तिघांतली ही मैत्रीण मोजकंच बोलायची.

"त्यांना विचारलं तर 'मले का माहीत' म्हणून हाकलतील!"

"मग विचारायचंच नाही," खुशबू म्हणाली. "आपल्याला सगळं माहीत आहे, असं दाखवायचं."

फासा : दोन

गुलाबचंदकाका वाचनालय सांभाळत. दिवाळीची झाडझूड चालली होती. अंगणात ते पुस्तकं झटकत होते.

"काका, शिरवले जी तुम्ही?" खुशबूनं सहज विचारलं. हळदकुंकू-तांदूळ पाहून तिला विसर्जनच आठवलं होतं.

"शिरवले ना पोरी! जन्माष्टमीच्या कानोबाचा सण होऊन दोन महिने झाले, अन् मूर्त्या कपाटातच! कोणाले फिकीर नाही. म्या पूजा केली अन् बोडीत सोडल्या. तासभर झाला."

"बासष्ट कानोबा?" बंटी किंचाळला. "हातात भाले घेऊन?"

"मले वाटलं, गवळी आहेत. काठ्या घेतलेले."

तिघंही पळत सुटली.

फासा : एक

बोडीच्या, त्या लहानशा गावतळ्याच्या, काठाजवळ पाण्यावर लाल-निळा तवंग होता. रविता कमरेएवढ्या पाण्यात शिरली. मूठ भरून वर आणली ती नुसत्या चिखलाची. चिखलात तार. पुन्हा तार.

कुंभाराच्या भट्टीत भाजून घेऊ, असं रविता शिपाई घडवताना म्हणाली होती. तडे जातील म्हणून खुशबूनंच नाही म्हटलं होतं. रविता आता त्याची आठवण न देता एकेक तार धुऊन तिच्या हातात देत होती. ते जास्त लागलं.

"चल, बसू! आत्तापासून करू!" बंटी म्हणाला.

"वर्ष लागलं, बंटी."

फासा : टाकलाच नाही

काठावर मोठी माणसं जमली. शाळेतले देवीदास गुरुजी मान डोलवत म्हणाले, "एका प्रश्नात छडा लावला! शाब्बास!"

"चुकी झाली बेटा," गुलाबचंदकाका कपाळाचा घाम पुसत म्हणाले. मग लोकांकडे वळून, "पण पोट्टी लय हुशार हाय बापा! हिचा सत्कार करू आपण. वाचनालयातच!"

टाळ्या वाजल्या.

खुशबू ओल्या मातीवर एक्केचाळीस तारा मांडत होती. दोन तारांत दोन बोटं अंतर, टेबलावर मांडतात तसं. बाकीच्या एकवीस सापडल्याच नाहीत. पहिल्या रांगेतल्या तारेचा हात अजून वर होता. त्यात भाला नव्हता.

बंटी शेजारी उकिडवा बसला. खेळताना म्हणायचा तेच तो म्हणाला, "चाल तुझी."

"रंग नाही," खुशबू म्हणाली.