कंदीलवीराची झूल

तोंडात टाचण्या धरून बसलेल्या मुलीशी गप्पा मारू नयेत, एवढं साधं व्यवहारज्ञान त्याला नव्हतं.

दुकान नाटकांचे पोशाख भाड्याने देण्याचं होतं. राजांचे अंगरखे, वकिलांचे काळे कोट, पऱ्यांचे पंख, सगळे एकाच दांडीवर गुण्यागोविंदाने लटकलेले. ती एका सेनापतीची बाही आत घेत बसली होती, कारण यंदाचा सेनापती काडीपैलवान निघाला होता. तेवढ्यात दारात कुणीतरी ओली छत्री झटकली.

"मास्तर आहेत का? त्यांचा चष्मा तयार आहे. निरोपावर निरोप धाडले, शेवटी म्हटलं आपणच नेऊन द्यावा..."

"हं," ती म्हणाली.

"म्हणजे आहेत?"

"हंहं."

"म्हणजे नाहीत. मग थांबू, की..."

आणि तो बोलायचाच थांबला. कोपऱ्यातल्या जुन्या शिलाई मशीनवर धूळ बसू नये म्हणून एक लाल मखमली कापड टाकलेलं होतं. त्याकडे तो असा बघत राहिला, की तिला वाटलं तिथे साप निघाला.

"ही... ही कंदीलवीराची केप आहे!"

तिने टाचण्या भराभर हातावर काढल्या. कंदीलवीराचं नाव आपणहून घेणारा माणूस तिने जन्मात पहिल्यांदा पाहिला होता.

'कंदीलवीर' हा सिनेमा कधी आला आणि कधी गेला, हे तो बनवणाऱ्यांनाही नीट कळलं नव्हतं. गोष्ट घोडागाड्यांच्या काळातली. रस्त्यावरचे दिवे लावणारा एक गरीब तरुण, दिवेलागणीनंतर पाठीवर लाल झूल घालून छपराछपरांवरून उडणारा, आणि शहरातला सगळा उजेड विकत घ्यायला निघालेला एक लठ्ठ सावकार. नाव ऐकूनच लोक हसले. थिएटरात आठवडाभरही टिकला नाही. त्यातली ती झूल शिवली होती तिच्या बाबांनी.

"तुम्ही हिने मशीन झाकता?" त्याचा आवाज अगदी दुखावलेला होता.

"मग काय करणार? झूलच ती."

"झूल? झूल बैलाला घालतात. केप म्हणा!"

"बैलाला घातली की झूल आणि माणसाला घातली की केप, असं का?" ती हसू दाबत म्हणाली. "आणि माणूस उडत असेल तर?"

"तर... तर काहीही म्हणा," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. त्याच्या चष्म्यावर पावसाचे थेंब होते. दुसऱ्यांना स्वच्छ दिसावं म्हणून धडपडणारा हा माणूस स्वतःच्या काचा पुसायला विसरला होता. तिला उगाचच वाटलं, आपल्या ओढणीच्या टोकाने त्या पुसाव्यात... मग तिने पटकन सेनापतीची बाही पुन्हा हातात घेतली.

दोन दिवसांनी तो परत आला. चष्म्याची काडी सैल झाली असेल तर बघावी, म्हणून. बघितली तर खरंच सैल झाली होती. मग पुन्हा आला, तेव्हाही काडी सैल. बाबांचा चष्मा घेऊन तो तिच्यासमोरच्या स्टुलावर बसायचा, बारीक स्क्रू पिळायचा आणि कंदीलवीराच्या गोष्टी सांगायचा. पुलावरची मारामारी, घड्याळाच्या काट्याला लटकलेली नायिका, ते सगळं. सांगता सांगता हात थांबायचे. तिचेही थांबायचे.

"काय हो चष्मेवाले," बाबा एकदा म्हणाले, "एवढा पिळता, माझे कान पिळल्यासारखे झालेत. तरी हा चष्मा दुसऱ्या दिवशी नाकावरून घसरतोच कसा?"

तो कानापर्यंत लाल झाला. ती खाली वाकून पडलेली टाचणी शोधू लागली. टाचणी पडलेलीच नव्हती.

एके दिवशी त्याने विचारलं, "रविवारी आम्ही काही जण कंदीलवीर दाखवतोय, वाचनालयाच्या हॉलमध्ये. केप दाराशी टांगायला मिळाली तर? आणि मास्तर, तुम्ही याल ना?"

बाबांचा चेहरा उतरला. "झूल न्या. मी नाही येणार," एवढंच बोलून ते आत गेले.

का, ते फक्त तिला ठाऊक होतं. मखमलीला लव असते, मांजराच्या पाठीसारखी. एकीकडून हात फिरवला तर मऊ, उलटा फिरवला तर खरखरीत. झुलीसाठी दोन तुकडे कापायचे तर दोन्हींची लव एकाच दिशेला हवी, नाहीतर एकाच थानातलं कापड असूनही एक बाजू उजळ दिसते आणि दुसरी काळवंडलेली. नवशिका शिंपीही ही चूक करत नाही. बाबांनी घाईत केली होती. शूटिंगच्या पहिल्याच दिवशी त्यांच्या ध्यानात आलं, पण तोवर कॅमेरा सुरू झाला होता. पुढे सिनेमा पडला आणि त्यांच्या मनाने घेतलं, आपल्या हातून कापड फिरलं आणि म्हणूनच नशीब फिरलं. सिनेमाचं काम त्यांनी पुन्हा घेतलं नाही. तो सिनेमाही कधी पाहिला नाही.

तिने ठरवलं, दोघांनाही खूश करायचं. बाबा आत्याकडे गेले होते, तेवढ्यात तिने ट्रंकेतून त्याच थानाचा उरलेला तुकडा काढला, मधली शिवण उसवली, उलट्या लवेचा भाग काढून चिंध्यांच्या पिशवीत टाकला आणि नवा भाग लावला. शिवताना ती गुणगुणत होती. त्याचे डोळे कसे चमकतील, हे तिला टाके घालतानाच दिसत होतं.

शनिवारी दुपारी तो आला. तिने झूल ऐटीत उलगडली. डावी-उजवी बाजू सारखी, लालभडक, झुळझुळीत!

तो बघत राहिला. मग जवळ आला. मग हळूच मधल्या शिवणीवर बोट ठेवलं.

"ती... काळी बाजू कुठे गेली?"

"काढली! चूक होती ती. बाबांच्या मनाला इतकी वर्षं लागून राहिली होती, म्हणून मी..."

"चूक?" तो म्हणाला. मग चष्मा काढला. चष्म्याशिवाय तो एकदम लहान दिसला. "माझा एक डोळा लहानपणी आळशी होता. त्याला कामाला लावायचं म्हणून डॉक्टरांनी चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधली होती. वर हा जाड चष्मा. शाळेत सगळे ढापण्या म्हणायचे. अर्धं जग अंधारात. तेव्हा हा सिनेमा पाहिला. शेवटी कंदीलवीर पाठ फिरवून उडतो ना... त्याची अर्धी केप लख्ख आणि अर्धी काळी. मला वाटलं, हा माझ्यासारखाच आहे. याचीही एक बाजू अंधारी, तरी उडतोय." तो ओशाळून हसला. "दुसऱ्या दिवशी मी पट्टी लावून शाळेत गेलो, न रडता. ज्यांनी कुणी ही केप अशी शिवली, त्यांचे आभार मानायचे, हे तेव्हाच ठरवलं होतं. म्हणून तर रविवारचा सगळा घाट..."

तिला बोलता येईना. तोंडात एकही टाचणी नव्हती, तरी.

"पण छान झालीय हं," तो घाईने म्हणाला. "खरंच छान." आणि छत्री विसरून निघून गेला.

त्या 'छान'ने तिला रडू फुटलं. ज्याला आवडावं म्हणून जीव ओतला, त्याची सगळ्यात लाडकी गोष्ट आपणच उसवून टाकली होती! उद्या तो बोलेल, हसेल, पण त्या स्टुलावर पुन्हा येऊन बसेल का?

आतल्या खोलीचा पडदा सरकला. बाबा तिथेच होते. सगळं ऐकलं होतं. त्यांच्या हातात चिंध्यांची पिशवी होती आणि पिशवीतून काढलेला तो काळपट लाल तुकडा.

"टाचणी," ते म्हणाले. ती लहानपणी काटकुळी आणि टोचून बोलणारी होती, तेव्हापासून घरात तिचं हेच नाव. "रडून शिवण सरळ होत नसते. सुई ओव."

"पण बाबा, उलटी लव..."

"उलटीच लावायची. उभ्या आयुष्यात आज पहिल्यांदा मुद्दाम उलटं शिवतोय, मध्ये बोलू नकोस." त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. दोन-चार टाके घातले. मग ते खाली मान घालूनच म्हणाले, "घाई झाली, एवढंच तुला सांगितलं होतं ना? हे कापड बेतत होतो, तेव्हा तुझ्या आईला दवाखान्यात नेलं होतं. अर्धा जीव तिकडे. निरोप आला, मुलगी झाली. मी कात्री टाकून तसाच पळालो. परत येऊन दुसरा तुकडा कापला, तो उलटा." त्यांनी दोरा दाताने तोडला. "एवढ्या आनंदात केलेल्या कामाला मी इतकी वर्षं चूक म्हणत बसलो. गाढव मी."

तिने मागून त्यांच्या गळ्यात हात टाकले.

रविवारी पाऊस भुरभुरत होता. हॉल अर्धाअधिक रिकामाच. दाराशी तो उभा होता, ओल्या केसांचा, तिची वाट बघत नसल्याचं सोंग करत. तिने पिशवीतून झूल काढून त्याच्या हातांवर ठेवली. त्याने उलगडली. अर्धी लख्ख, अर्धी काळी...

त्याने पुढे होऊन तिच्यामागून आलेल्या बाबांचे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडलेच नाहीत.

सिनेमा सुरू झाला. लोक हसायच्या जागी हसले, नको त्या जागीही हसले. शेवटी कंदीलवीराने पाठ फिरवली, छपराच्या कडेवरून झेप घेतली आणि पडदाभर ती झूल पसरली. हॉल चिडीचूप झाला. मागे कुणीतरी "वा!" म्हणालं. बाबांनी चष्मा काढून धोतर धुतल्यासारखा खसाखसा शर्टाला पुसला.

"बरी दिसते गं," ते म्हणाले. "चांगलीच दिसते."

दिवे लागल्यावर बाबांभोवती चारचौघं जमली. ती दोघं दाराशी, झुलीखाली उभी राहिली.

"मला एक कबुली द्यायचीय," तो म्हणाला. "त्या पहिल्या दिवशी... चष्मा ठेवून जाताना त्याचा स्क्रू मी मुद्दाम अर्धा सैल केला होता. परत यायला निमित्त हवं होतं. पण शपथेवर सांगतो, त्यानंतर दर वेळी घट्ट पिळला. तरी तो सैल कसा व्हायचा, हे काही केल्या कळत नाही. माझ्या दुकानाच्या अब्रूचा प्रश्न आहे हो."

ती त्याच्याकडे बघून हसली. मग पर्स उघडली आणि शिलाई मशीनचा बारीक पेचकस काढून त्याच्या तळहातावर ठेवला.

तो आधी पेचकसाकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. "तू?"

"रोज," ती म्हणाली. "आज तेवढा सैल केला नाही. म्हटलं, उद्या निमित्ताशिवाय येतोस का बघावं... ढापण्या."

त्याने पेचकसासकट तिचा हात मुठीत घेतला.

"अगं टाचणी!" गर्दीतून बाबांचा आनंदाने भरलेला आवाज आला. "आज हा चष्मा एकदाही घसरला नाही बघ!"