येते हं

दार उघडं होतं की बंद, हे मनोहरांना छातीठोकपणे सांगता येत नाही. आयुष्यभर डॉक्टरकी केलेल्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांवर किती विसंबावं, हेही त्यांना कळेनासं झालं आहे.

पत्नी शैलजा गेली त्याच हिवाळ्यातली गोष्ट. ती पत्रपेटीपर्यंत जायची तरी ‘येते हं’ म्हणून जायची. ‘जाते’ कधी नाही. हॉस्पिटलमध्ये मात्र मनोहर कॉफी आणायला खाली गेले आणि ती न सांगताच गेली. तेवढे दोन शब्द राहून गेले, ते त्यांना झोपू देईनात.

एका दुपारी ते लहानग्या नातीला, अनयाला, घेऊन नेपरव्हिलहून ट्रेनने शिकागोला गेले. तिथल्या छोट्या संग्रहालयात शैलजाचं आवडतं जुनं चित्र होतं. गुलामीतून सुटकेची बातमी येणार म्हणून झोपडीत काळी माणसं गुडघे टेकून प्रार्थना करताहेत, मागे दार.

“अहो, दाराकडे पाठ करून बसलीत बघा,” ती म्हणायची. “याला म्हणतात भरवसा. नाहीतर तुम्ही, कुलूप तीनदा ओढून बघणार.”

बाहेर बर्फ पडत होता. दालनात दोघांशिवाय कोणी नव्हतं. चित्रातलं दार किंचित किलकिलं दिसलं, फटीत निळसर उजेड. मग गार झुळूक आली, तिच्यात निलगिरीचा वास. शैलजाच्या हातरुमालाचा.

“येते हं…”

अगदी कानाशी. मनोहरांचे डोळे भरून आले. अखेर सांगून गेली…

अनयाने त्यांची बाही ओढली. “आजोबा, हू इज कमिंग?”

“कोणी नाही, बाळा. जाताना म्हणतात तसं.”

“बट शी सेड येते,” अनया हळूच म्हणाली.

त्यांनी पुन्हा चित्राकडे पाहिलंच नाही.

परवा, कॉलेजातून घरी आलेल्या अनयाला त्यांनी त्या चित्रातल्या दाराबद्दल भीत भीत विचारलं. ती सहज म्हणाली, “दार ओपन होतं, आजोबा. ती आत आली आणि तिने लावून घेतलं.”

मनोहरांनी संग्रहालयात चौकशी केली. चित्राचा एक्स-रे काढलेला आहे. दार पहिल्यापासून बंदच रंगवलेलं आहे. कडी आतून.