आतल्या बाजूचे खिळे

रुपराव नागपूरच्या सदर बाजारातून सायकल हातात धरून घरी निघाले, तेव्हा कॅरिअरवर लोखंडी जाळीचं भेंडोळं होतं आणि हँडलला खिळ्यांची पुडी लटकत होती. साल त्र्याहत्तर, एप्रिलचा रविवार. सकाळचे नऊ वाजले होते, पण डांबर आत्ताच चपलेला चिकटायला लागलं होतं.

जाळी मोजून देताना दुकानदार हसला होता. "सहा कोंबड्यांसाठी एवढी जाळी? वाघ येते का तुमच्या अंगनात?"

"मुंगूस येते," रुपराव म्हणाले होते. "त्याले एवढीशी फट पुरते."

ते खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं. सगळं खरं सांगायचं तर बायकोपासून, वच्छलाबाईंपासून सुरुवात करावी लागली असती. गेल्या दिवाळीपासून त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी भाजीत दोनदा मीठ पडलं, मग लेकीचं नाव सुटलं, आणि फेब्रुवारीत एका दुपारी त्या फाटकातून निघाल्या त्या संध्याकाळी कन्हान नदीच्या पुलाजवळ सापडल्या. पायात चप्पल नाही, पदर खांद्यावरून घसरलेला. कुठे चालल्या होत्या विचारलं तर म्हणाल्या, माहेरी.

हाताला जिवंत काम द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून लेक सुभद्रा काटोलहून एसटीत टोपली मांडीवर घेऊन सात कोंबड्या घेऊन आली. औषधानं जे झालं नाही ते कोंबड्यांनी केलं. वच्छलाबाई अंगणात रमल्या. फाटकाकडे पाहीनाशा झाल्या. पण आठवड्याभरात मुंगसानं एक कोंबडी नेली आणि तिला शोधायला "आ, आ, आ" करत त्या थेट कामठी रोडवर गेल्या. एका ट्रकवाल्यानं ब्रेक लावून मागून धावत आलेल्या रुपरावांना आईबहिणीवरून शिव्या दिल्या. त्या शिव्या त्यांनी हात जोडून ऐकल्या. कोंबड्या सुरक्षित राहिल्या तर बायको घरात राहणार होती. एवढं साधं गणित होतं.

रुपराव एका सरकारी कचेरीत नकाशे उतरवून काढायचं काम करत. बावन्न वर्षांचा माणूस, पेन्सिलीला टोक काढल्याशिवाय कागदाला हात न लावणारा. त्यांनी अंगणाचा नकाशा काढला. बारा फूट लांब, आठ फूट रुंद, सहा फूट उंच, म्हणजे वच्छलाबाईंना आत वाकावं लागणार नाही. जाळी जमिनीत फूटभर पुरायची आणि खाली बाहेरच्या बाजूला वळवायची, म्हणजे उकरणाऱ्या जनावराच्या नखाला तारच लागेल.

पहिल्या कोपऱ्यात सब्बल मारली तर खाली लाकूड वाजलं. माती काढून पाहिली. सागाच्या खांबाचा बुंधा, वरून करवतीनं कापलेला. दुसऱ्या कोपऱ्यात तसाच. तिसऱ्या, चौथ्या कोपऱ्यातही. त्यांनी टेप लावला. बारा बाय आठ, इंचाचाही फरक नाही.

आपला अंदाज कुणा अनोळखी माणसाशी इतका जुळावा याची रुपरावांना गंमत वाटली. मग त्यांनी बुंध्यांवरचे गंजके खिळे पाहिले आणि गंमत थोडी कमी झाली. जाळी नेहमी धक्का येणार असेल त्या बाजूनं ठोकतात. जनावर बाहेरून ढकलणार, म्हणून जाळी खांबाच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे ढकलली की ती खांबावरच दाबली जाते. हे खिळे आतल्या अंगाला होते.

"काहून गा रुपरावभाऊ, पुन्हा जाळी लावून राहिले काय तुम्ही?" भिंतीपलीकडून शेजारच्या प्रयागबाई डोकावल्या.

"पुन्हा म्हंजे?"

"काही नाही. वच्छलाबाई, चहा टाकला वं मी, ये," असं म्हणून त्या भिंतीआड झाल्या त्या पुन्हा डोकावल्याच नाहीत.

संध्याकाळपर्यंत आवार उभं राहिलं. एका बाजूला खुराडं, अर्ध्या भागावर तुराट्यांचं छप्पर, मातीचं पाण्याचं परळ, आणि दाराला बाहेरून कडी-कोयंडा. वच्छलाबाई आत जाऊन उभ्या राहिल्या, चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाल्या, "चांगलं आहे जी. हवा लागते."

पुढच्या रविवारची दुपार. नागपूरची ती दुपार ज्यानं पाहिली त्यालाच माहीत. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, पत्रे तडतडतात, आणि आवाज सगळे कुणीतरी उशीखाली दाबल्यासारखे होतात. रुपराव खिडकीशी बसले होते. कोंबड्या छपराखाली चोची उघड्या टाकून धापत होत्या. बारा वाजून गेले असतील. सगळ्यांत आधी काबरी, ती ठिपक्यांची कोंबडी, उठली. मग बाकीच्या. सावली सोडून त्या सहाही जणी रणरणत्या उन्हात, दक्षिणेच्या कोपऱ्यात गेल्या आणि अर्धगोल करून उभ्या राहिल्या. माना वर. दाणे टाकणाऱ्या माणसाच्या हाताकडे कोंबड्या पाहतात, तशा.

कोपऱ्यात कुणीच नव्हतं.

वच्छलाबाई घरात, रुपरावांच्या मागे, पलंगावर झोपलेल्या होत्या. रुपराव बाहेर गेले. जाळीजवळ पोचताच त्यांना वास आला, जुन्या सुती लुगड्याचा आणि घामात वाळलेल्या खोबरेल तेलाचा. वारा नव्हता, तरी तो वास आला आणि गेला. कोंबड्या सावलीत परतल्या.

त्या कोपऱ्यातली जाळी छातीच्या उंचीवर बाहेर फुगली होती. रुपरावांनी लाकडाचा ठोकळा लावून ती हातोडीनं सपाट केली. दुसऱ्या दिवशी कचेरीतून आले तर पुन्हा फुगलेली. पाहणीच्या वहीत त्यांनी तारीख घातली आणि फुगवटा लिहिला: अर्धा इंच. पुढच्या आठवड्यात पाऊण. कोंबडी छातीइतकी उंच नसते, हे लिहायची गरज नव्हती, म्हणून त्यांनी ते लिहिलं नाही.

वच्छलाबाई मात्र खुशीत होत्या. आवारात बसून तासन्‌तास बोलत.

"कोनाशी बोलून राहिली वं?"

"आईशी."

"कोन्त्या आईशी? तुही माय जाऊन वीस वर्षं झाली."

"माही नाही जी," वच्छलाबाई हसल्या. "इथली."

त्या संध्याकाळी रुपरावांनी प्रयागबाईंना भिंतीपाशी गाठलं आणि सोडलंच नाही. त्यांनी आधी तोंडावरून पदर फिरवला, मग हळू आवाजात सांगितलं.

"तुमच्या आधी इथी एक मास्तर राहे. त्याची माय, रंभाबाई. तिचंही असंच झालं होतं. उठली की चालली... मास्तरनं जाळी केली. म्हने, माय हवेत बसन अन् कुठी जानार नाही. शाळेत जाताना कुलूप लावे. मी जाळीतून पानी देत होती. पानी नको राहे तिले. माही बोटं धरून ठेवे."

"मंग?"

"जेठ महिना होता. मास्तर म्हने, आत्ता आलो. मी आपली दारं लावून झोपली. उन्हात कोन बाहेर येते, भाऊ? ...तो आला तवा ती त्या कोपऱ्यात उभीच होती, जाळीले धरून. बोटं एकेक करून सोडवा लागली." प्रयागबाईंनी नाक पुसलं. "वाईट मानूस नव्हता गा तो. लय रडला."

"मानूस मायले कुलूपात कसा ठेवन?" रुपराव चिडून म्हणाले.

प्रयागबाईंनी भिंतीवरून आवाराच्या नव्या कडी-कोयंड्याकडे पाहिलं.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या संपल्या. नवीन आणायला उशीर झाला आणि वच्छलाबाईंचं चित्त थाऱ्यावर राहिना. एका दिवसात दोनदा फाटक उघडलं. रुपरावांनी रजा टाकली. रोज सोबतीला बसणाऱ्या प्रयागबाई लग्नाला कामठीला गेल्या होत्या. औषधाचं दुकान एकला बंद व्हायचं ते चारला उघडायचं. बायको सायकलवर बसत नव्हती, घराच्या मागच्या दाराला कडी नव्हती, आणि त्या वेळी ती आवारात, सावलीत, काबरीला मांडीवर घेऊन शांत बसली होती.

रुपरावांनी परळात पाणी भरलं. तांब्या आत ठेवला. मग ट्रंकेचं कुलूप काढून आणलं.

"आत्ता आलो. वीस मिनिटं."

वच्छलाबाई उठून जाळीपाशी आल्या आणि त्यांनी बोटं बाहेर काढली. रुपरावांनी ती धरली नाहीत, घाई होती. मनगटावरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

पहिल्या दुकानात गोळ्या नव्हत्या. दुसऱ्यात मिळाल्या. परतताना मागचं चाक बसलं. उन्हात सायकल ढकलत, कधी धावत, त्यांनी फाटक गाठलं तेव्हा एक वाजून तीन मिनिटं झाली होती. त्रेपन्न मिनिटं.

आवाराचं कुलूप जसंच्या तसं होतं. किल्ली खिशात होती.

वच्छलाबाई ओसरीवर बसल्या होत्या.

त्यांचे केस कुणीतरी चप्प तेल लावून विंचरले होते, आणि मानेवर जुन्या बायका बांधत तसा घट्ट, छोटा अंबाडा होता. त्या फुलपात्रातून सावकाश पाणी पीत होत्या.

"तू... बाहेर कशी आली वं?"

"आईनं काढलं."

"कुलूप कोनं उघडलं?"

"मले काय माहीत? ती म्हने, तू जा, तुले ऊन सहन होनार नाही. मले सवय आहे." वच्छलाबाईंनी जाळीकडे बोट केलं. "मह्या जागी बसली ती. काढा ना जी तिले. म्हातारी आहे."

सहा कोंबड्या दक्षिणेच्या कोपऱ्यात, माना वर करून.

रुपरावांनी किल्ली लावली. का लावली, ते त्यांना पुढे कधी सांगता आलं नाही. कदाचित भीतीपेक्षा लाज मोठी झाली असेल. कडी काढली, दार ओढलं. आत काहीच हललं नाही. मग कोंबड्यांचा अर्धगोल मधोमध दुभंगला, वाट दिल्यासारखा. आणि सहाही माना एकदम, हळूहळू वळू लागल्या. कोपऱ्याकडून छपराकडे. छपराकडून दाराकडे. म्हातारं माणूस पावलं टाकतं त्या चालीनं. दारात रुपराव उभे होते. माना त्यांच्यावर आल्या, क्षणभर थांबल्या... खोबरेलाचा वास नाकाजवळून गेला... आणि माना पुढे वळल्या. अंगण, पायरी, ओसरी.

मग घराच्या उंबरठ्यावर स्थिरावल्या.

"या," वच्छलाबाई सरकून जागा करत म्हणाल्या.

त्याच दिवशी रुपरावांनी आवाराचं दार बिजागऱ्यांसकट उपटून जाळलं. दार नाही म्हटल्यावर मुंगूस रोज एक नेईल असं त्यांना वाटलं. एकही गेली नाही. वच्छलाबाईही गेल्या नाहीत. फाटकापर्यंत जात, हात लावत, आणि मागून कुणी हाक मारावी तशा "आली, आली" म्हणत परतत. प्रयागबाई म्हणाल्या, गोळ्या लागू पडल्या. सुभद्रा काटोलहून आली, आईला पाहून आनंदानं रडली, आणि संत्र्याची करंडी ठेवून गेली. रुपरावांनी कुणाला काही सांगितलं नाही. ज्या गोष्टीसाठी एवढी धडपड केली, ती झाली होती.

फक्त रविवार उरला.

त्या घटनेनंतरच्या पहिल्याच रविवारी जेवून ते आतल्या खोलीत आडवे झाले होते. बाहेरून कडी सरकल्याचा आवाज आला. ती कडी घर घेतलं तेव्हापासून रंगात चिकटून बसलेली होती, कधी हललीच नव्हती. त्यांनी दार ढकललं. मग ठोठावलं.

"वच्छला! काहून लावली वं कडी?"

दारापलीकडे पावलं वाजली. दोन माणसांची.

"बाहेर ऊन आहे जी," वच्छलाबाईंचा आवाज आला. आणि मग थांबून, कुणी शिकवल्यासारखा, "आत्ता आलो. वीस मिनिटं."

पत्र्याखालची खोली भट्टीसारखी तापली होती. रुपराव खिडकीचे गज धरून उभे राहिले. समोर आवारात कोंबड्या होत्या. आज त्या खिडकीकडे पाहत होत्या. दार आपोआप सुटलं तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिलं. बारा दहाला लागलेलं दार एक वाजून तीन मिनिटांनी उघडलं होतं.

सोमवारी त्यांनी ती कडी पेचकसानं काढून नाल्यात फेकली. पुढच्या रविवारी बारा दहाला दार तरीही बसलं, आणि एक वाजून तीन मिनिटांनी सुटलं. रविवारी घराबाहेर राहावं, हे त्यांना सुचलं नाही असं नाही. पण प्रयागबाई रविवारी लेकीकडे जात, आणि वच्छलाबाईंना त्या घरात एकटं ठेवायचं, तर एकटं म्हणजे नक्की कुणासोबत, हा प्रश्न होता. म्हणून रविवारी ते तांब्या भरून घेत, घड्याळाला चावी देत, आणि आपल्या पायांनी खोलीत जात. हिशेब ठरलेला होता, आणि ठरलेली गोष्ट माणूस सोसतो. त्रेपन्न मिनिटं त्यांनी वहीत एकाखाली एक लिहिली, चार रविवार.

पाचव्या रविवारी दार एक वाजून चार मिनिटांनी उघडलं.