रुपयाएवढी ओल

शिरूरच्या पेठेतून घोडनदीकडे उतरताना डाव्या हाताला डॉक्टर सत्यवान भालेरावांचा दवाखाना लागायचा. पुढं बाकडी, मागं तपासणीची खोली, तिच्या खिडकीबाहेर शहाबादी फरशीचं छोटं अंगण, आणि अंगणापलीकडं राहतं घर. डॉक्टर छातीच्या दुखण्यांसाठी नावाजलेले होते. पाठीवर बोटं ठेवून ठकठक वाजवायचे आणि आत काय साचलंय ते सांगायचे. सहसा चुकत नसत, आणि चुकत नाही हे चारचौघांत सांगायलाही विसरत नसत.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी, खंडू नावाचा मेंढपाळ त्यांच्याकडं आला. मेंढरं नदीकाठी बसवलेली. बरोबर बायको झुंबरबाई आणि पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचा कुत्रा, चित्र्या. खंडूला खोकला होता, उजवी कूस जड झाली होती. डॉक्टरांनी पाठ वाजवली. आवाज बद्द आला. पाणी झालंय, ते म्हणाले. एरवी अशा माणसाला ते आधी दौंडला धाडून छातीचा फोटो काढून आणायला लावत. पण त्या दिवशी बाकडी भरली होती, बाहेर लोक ताटकळत होते. सुईनं पाणी काढतो, असं सांगून त्यांनी झुंबरबाईला बाहेर बसवलं आणि सरळ सुई घातली.

छातीत साचलेलं पाणी पिवळसर निघतं. सिरिंजमध्ये आलं ते विहिरीच्या पाण्यासारखं नितळ होतं.

डॉक्टरांना त्याच क्षणी कळलं. कुत्र्याच्या पोटातल्या जंतांपायी माणसाच्या फुफ्फुसात पाण्याची पिशवी धरते, कुत्र्या-मेंढरांत राहणाऱ्यांना हटकून. ती ऑपरेशननं अलगद काढायची असते. तिला सुई लावायची नसते, कारण तेच पाणी अंगात उतरलं की विष होतं. हे सगळं त्यांना कॉलेजात शिकवलं होतं, आणि सगळं आठवलं ते सुई आत गेल्यावर.

खंडूच्या अंगभर गांधी उठल्या. ओठ निळे पडले. होती नव्हती ती इंजेक्शनं दिली, पण गडी हातचा गेला. डॉक्टरांनी सिरिंज खिडकीतून बाहेर रिकामी केली, हात धुतले आणि बाहेर येऊन म्हणाले, "बाई, आणायला फार उशीर केलात."

झुंबरबाई भिंतीला धरून खाली बसली. "व्हय," ती म्हणाली. "बाजार हुऊ द्या, मंग जाऊ, आसं मीच म्हणले हुते."

ती प्रेत घेऊन गेली. चित्र्या मात्र दवाखान्याच्या उंबऱ्यापाशी राहिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या पत्नी, मार्थाबाई, अंगण झाडताना थांबल्या. "अहो, इथं काय सांडलंय? वाळतच नाही."

खिडकीखाली फरशीवर रुपयाएवढी ओल होती. एप्रिलचं ऊन, पाय ठेवला तर चटका बसायचा. तेवढी जागा मात्र गार होती. चित्र्या तिथं येऊन ती चाटायचा आणि परत उंबऱ्यावर बसायचा.

पुढं एस.टी. डेपोतले मेकॅनिक बबनराव खोकला घेऊन आले. घरी शिकारी कुत्री पाळणारा माणूस. तपासताना चित्र्या आत आला आणि त्यानं त्यांच्या पाठीला नाक टेकवलं, डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली. खाकी शर्टावर ओला ठिपका उमटला. डॉक्टरांनी त्यांना दौंडला धाडलं. फोटोत, नेमक्या त्याच जागी, गोल सावली होती. पुण्याला ऑपरेशन झालं, बबनराव वाचले. शर्टावरचा ठिपका कितीदा धुतला तरी वाळत नव्हता, ऑपरेशन झालं त्या दिवशी वाळला, असं त्यांची बायको सांगत आली. डॉक्टर हसले. ते हसू त्यांचं त्यांनाच खोटं वाटलं.

त्या दिवसापासून ते पेशंट तपासायच्या आधी कुत्र्याकडं बघू लागले.

पावसाळा सरल्यावर झुंबरबाई आली. पार वाळली होती. "डाक्टर, मला बी त्योच खोकला लागलाय."

चित्र्या उठला. तिनं त्याला पोटाशी धरलं, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "वळखलं बघा ह्यानं." कुत्रा तिच्या मागं गेला आणि त्यानं चोळीवर नाक टेकवलं.

ती दौंडहून फोटो घेऊन परतली. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. गोल, स्वच्छ सावली.

"पुण्याला जा, बाई. ऑपरेशननं बऱ्या व्हाल. पण कुणालाही सुई घालू देऊ नका. कुणी काही म्हणो."

"का वो?"

"सुई लावली तर माणूस दगावतो."

झुंबरबाई फोटो पाकिटात घालता घालता थांबली.

"मंग आमच्या धन्यास्नी का घातली?"

बाहेर एस.टी.चा हॉर्न वाजला. चित्र्या डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत होता. खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. या बाईच्या उरावरचा धोंडा उतरला असता. डॉक्टरांच्या ओठांपर्यंत ते आलं होतं.

"त्यांचं वेगळं होतं," ते म्हणाले. "त्यांना उशीर झाला होता."

"व्हय," ती म्हणाली. "उशीर मीच केला."

ती उठून चालू लागली.

कुत्रा तिच्यामागं गेला नाही. तो डॉक्टरांच्या खुर्चीला वळसा घालून मागं आला.

डॉक्टरांनी मान वळवली नाही.

पाठीला गार, ओलसर काहीतरी टेकलं. उजव्या फऱ्याच्या खाली. क्षणभरच.

मग चित्र्या उंबरा ओलांडून, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, झुंबरबाईच्या मागं नदीकडं निघून गेला. डॉक्टर दारात आले. ती वळणापर्यंत पोचली होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. त्यांनी मारली नाही, आणि आपण का मारत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याची लाज वाटत असतानाही ते नुसते उभे राहिले.

आत येऊन त्यांनी खिडकीतून पाहिलं. ती रुपयाएवढी ओल गेली होती, फरशी कोरडी ठणठणीत होती.

चार दिवसांनी सकाळी मार्थाबाई हातात शर्ट घेऊन आल्या. "हा दोनदा धुतला, दोन्हीदा उन्हात घातला. बाकी कडकडीत वाळलाय, पाठीवरचा हा ठिपकाच तेवढा ओला. काय लागलंय याला?"

"राहू दे. दुसरा दे."

त्यांनी कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढून दिला. डॉक्टरांनी तो घातला, बटणं लावली आणि खुर्चीत बसायला वळले.

"अगबाई," मार्थाबाई मागून म्हणाल्या, "ह्यालाही?"