कानवाली आणि खांब

दवाखान्यात सगळे तिला 'कानवाली' म्हणायचे. तळमजल्याच्या टोकाला तिची खोली होती, आणि त्या खोलीत आणखी एक इवलीशी खोली: जाड दाराची, काचेच्या खिडकीची, बाहेरचा जराही आवाज आत न येऊ देणारी. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात एक बटण द्यायचं आणि बाहेर बसून यंत्रातून एकेक बारीक सूर सोडत जायचं. ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. दिवसभर तेच.

त्या दिवशी पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यातली माणसं वार्षिक तपासणीला आली होती. सगळ्यात शेवटी आत आला तो एक उंच, किडकिडीत तरुण. त्या छोट्या खुर्चीत गुडघे कुठे ठेवावेत हेच त्याला समजेना.

"परीक्षा अवघड असते का हो?"

"इथे कोणी नापास होत नाही. ऐकू आलं की दाबा, नाही आलं तर दाबू नका. प्रामाणिकपणे."

"रोज जमत नाही... पण तुम्ही म्हणता तर बघतो."

तिनं हसू दाबत दार लावलं.

निकाल बघून मात्र ती चक्रावली. मांजरालाच ऐकू यावेत असे सूरही हा पठ्ठ्या टिपत होता! यंत्रांच्या खडखडाटात दिवस काढणाऱ्याचे कान असे? तिनं काचेतून निरखून पाहिलं. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधी, आणि बुटाचं टोक... हलत होतं. एका लयीत.

तिनं हात मागे घेतला. एकही सूर सोडला नाही.

त्यानं बटण दाबलं. थोड्या वेळानं पुन्हा दाबलं, नेमकं तिथंच, जिथं तिनं सूर सोडला असता.

तिनं दार उघडलं. "मी काहीच वाजवलं नव्हतं."

तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "शप्पथ, मुद्दाम नाही केलं! तुम्ही इतक्या सारख्या अंतरानं सोडत होतात, की माझा अंगठा आपोआपच... सवय आहे हो. रविवारी मी डबल बेस वाजवतो. माणसाएवढं व्हायोलिन असतं ना, उभं धरून वाजवायचं, ते. लय सांभाळणं हेच माझं काम."

इतकी वर्षं हे काम करून आपलं बोट एका ठेक्यात पडलंय, हे तिला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. ती खरं तर ओशाळली. मग तिनं त्याला पुन्हा बसवलं आणि या खेपेला सूर असे वेडेवाकडे सोडले, की बुटाचं टोक गोंधळून गप्प झालं.

आणि खरं काय ते समोर आलं. उंच, बारीक सूर त्याच्या हातून निसटू लागले होते. दोन्ही कानांतून.

"आत्ता थोडंच आहे," ती शक्य तितक्या सरळ आवाजात म्हणाली. "पण त्या यंत्रांजवळ राहिलात तर वाढत जाईल. आणि गेलेलं परत येत नाही. कानांत बोळे घालत नाही का?"

"घालतो. पण पत्रा अडकणार असला की यंत्र आधी कुरकुरतं. ते ऐकायला काढावे लागतात."

त्यानं आपली लांब बोटं एकदा उघडमीट केली. मग उठताना म्हणाला, "रविवारी या ना ऐकायला. एवीतेवी माझे कान तुमच्या ओळखीचे झालेतच... बाकीच्याचीही ओळख होईल."

ती गेली. नाही कशाला म्हणेल?

बागेजवळच्या कॉफीच्या दुकानात पाच जण वाजवत होते. तो सगळ्यांच्या मागे, त्या आडदांड वाद्याला मिठी मारल्यासारखा उभा. सोबती त्याला 'खांब' म्हणत होते. तिला पियानो ऐकू आला, क्लॅरिनेट ऐकू आलं, गाणारीचा मधाळ आवाज ऐकू आला. त्याची बोटं तेवढी हलताना दिसली.

मधल्या सुट्टीत तो घाईघाईनं तिच्या टेबलापाशी आला. "कसं वाटलं?"

"खरं सांगू? तुमचं काही ऐकूच आलं नाही."

"कानवालीला?" तो मोठ्यानं हसला. रागावला नाही, याचंच तिला नवल वाटलं. "बरं. पुढच्या गाण्यात मी मधेच जरासा थांबतो. तेव्हा ऐका."

आणि तो थांबला. तारांवरून त्यानं नुसता हात उचलला... गाणारी तशीच गात होती, पियानो तसाच वाजत होता, पण सगळं अधांतरी झालं. जिन्याची शेवटची पायरी आहे म्हणून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं तिनं टेबल दोन्ही हातांनी धरलं. शेजारच्या टेबलावर हलणारा एक पायही बावचळून थांबला. मग त्याचा हात पुन्हा तारांवर आला. लाकडी टेबलातून तो सूर तिच्या तळहातांत शिरला, तिथून सरळ छातीत.

त्यानं मागून तिच्याकडे पाहिलं आणि एक भुवई उडवली — आलं का ऐकू?

तिनं मान खाली घातली. चांगलंच आलं होतं.

मग रविवार येत राहिले. कामावरून सुटल्यावर तो सराव करायचा तिथंही ती जाऊन बसू लागली. एकच ओळ तो पुन्हा पुन्हा वाजवायचा. तिला पहिल्या खेपेलाच ती सुंदर वाटायची. तो मान हलवायचा, "अजून जड पडतेय," आणि पुन्हा सुरुवात. दिवसभर पत्रा ओढून आलेले हात, बोटांच्या टोकांना पडलेले घट्टे, आणि तरी सुराला मात्र दुखू नये इतका हळुवार स्पर्श! जे कुणाच्या ध्यानातही येणार नाही, त्यासाठी एखादा माणूस एवढा जीव कसा ओततो? ती बघत राहायची. कॉफी गार होऊन जायची.

अशात गावोगावी फिरणाऱ्या एका मोठ्या वाद्यवृंदाच्या बाईंनी त्याला विचारलं. त्यांचा जुना बेसवाला निवृत्त होत होता. पूर्ण वेळ यायचं, नोकरी सोडून. ती बातमी सांगताना त्याचा चेहरा असा उजळला, की तो कारखाना सोडेल त्याचे ती दिवस मोजू लागली.

पण त्यानंतर दवाखान्याच्या फाटकाशी तो भेटला तो कडक इस्त्रीच्या शर्टात.

"मला बढती मिळाली. सुपरवायझर!"

"कुठे?"

"...तिथेच. यंत्रांवर."

"आणि वाद्यवृंद?"

"बाईंना नाही म्हणून आलो."

तिला वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी चुकलं. "का पण?"

"तुमच्या घरी येऊन मी काय सांगू?" तो फाटकाच्या कडीशी चाळा करत म्हणाला. "सुपरवायझर आहे म्हटलं तर निदान बसा म्हणतील. नुसता वाजवतो म्हटलं तर—"

"माझ्या घरी यायचं ठरलं कधी? आणि मला विचारलंस?" रागाच्या भरात ती एकेरीवर आली, तिचं तिलाही कळलं नाही. "माझ्यासाठी म्हणून कान गहाण टाकून आलास? तुझ्या हातात काय आहे ते मी ऐकलंय. तू थांबलास की काय होतं, तेही बघितलंय. आणि आता मी काय करायचं? दर वर्षी माझ्याच नवऱ्याला त्या खोलीत बसवायचं, आणि तो थोडा थोडा बहिरा होताना काचेतून बघायचं? नाही जमणार मला!"

फाटकाची कडी वाजायची थांबली.

"नवऱ्याला?" त्यानं हळूच विचारलं.

ती तोंड फिरवून म्हणाली, "बरं ऐकू आलं."

"एवढं लख्ख आजवर काहीच नव्हतं आलं..."

"मग उभा काय राहिलायस? फोन लाव त्यांना!"

बाईंनी फोनवर त्याची यथेच्छ हजेरी घेतली. जागेसाठी आता आणखी दोघे येणार आहेत. यायचं तर त्यांच्याप्रमाणे तूही वाजवून दाखव, म्हणाल्या. तो गेला. ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली, भिंतीला पाठ टेकून. बाकीचे दोघे तिनं कानांनी ऐकले. तो वाजवू लागला तेव्हा मात्र भिंतच बोलू लागली, तिच्या पाठीशी. ती ओळ आता जड पडत नव्हती. दार उघडून तो बाहेर आला आणि तिच्यासमोर उकिडवाच बसला. तिनं त्याचे घट्टे पडलेले हात हातात घेतले. झालं होतं काम.

कारखान्यानं त्याला निरोप दिला, आणि पहिल्याच तालमीवरून तो थेट तिच्या घरी आला. वाद्यासकट. दार तिच्या आईनं उघडलं. उंबऱ्यात आधी ते अवाढव्य खोकं आणि त्यामागे घामाघूम झालेला तो.

"तुम्ही काय करता?" आईनं तिथंच विचारलं.

"बेस वाजवतो."

"आणि बाकीच्या वेळात?"

"सराव करतो."

आतल्या खोलीच्या पडद्याआड तिनं डोळे गच्च मिटले.

आईनं त्या खोक्याकडे पाहिलं, त्याला कुठे ओरखडा पडू नये म्हणून दाराच्या चौकटीला स्वतःचा हात आडवा धरून उभा असलेला तो पाहिला. त्याच्या बोटांची सालं निघाली होती. खोक्याला मात्र धक्का लागला नव्हता.

"अगं, इकडे ये जरा!" आईनं आत हाक मारली. "हे चपलांचं कपाट धर एका बाजूनं. हे खोकं आता रोज आत-बाहेर व्हायचं... इथून हलवायलाच हवं."