श्रावणातलं वलय

वलयचित्रासाठी आलेली माणसं बाहेरच्या बाकांवर बसून जुनी दुःखं आठवत असत. मिरजेतल्या त्या तपासणी केंद्राची रीतच तशी होती. आत बोलावणं येण्याआधी नवराबायकोनं एकमेकांत बोलून घ्यायचं, घरात कोण कधी गेलं, कुठली वाईट बातमी कुठल्या महिन्यात आली.

"अहो, सासूबाई कधी गेल्या? मे की जून?"

"तुझ्या की माझ्या?"

"माझ्या सासूबाई म्हणजे तुमची आई! आणि ते राहू दे. तुमच्या आत्याबाई राहायला आल्या त्या महिन्याचं एक वलय माझ्या हृदयात नक्की निघणार."

बाकांवर हशा पिकला. वैजयंती म्हैसकरही हसली, पण गोमुखीतला तिचा हात थांबला नाही. गुरुवारचा उपास होता आणि जपाच्या अजून तीन माळा व्हायच्या होत्या. शेजारी तिचा नवरा उपेंद्र डोळे मिटून बसला होता. जिना चढताना छातीवर कुणी पाट ठेवल्यासारखं होतं, अशी त्याची गेल्या काही दिवसांची तक्रार होती.

त्याला अर्धा तास यंत्रात निजवून बाहेर आणलं आणि मग एकट्या वैजयंतीला बोलावणं आलं. हीसुद्धा तिथली रीत. पेशंट विसरतो नाहीतर लपवतो, म्हणून जोडीदाराची साक्ष वेगळी घ्यायची.

डॉक्टर नसीमा मुजावर चाळिशीच्या होत्या, बोलायला मोकळ्या. "या ताई. चहा चालतो ना उपासाला?"

"चालतो, पण नको. आधी सांगा."

पडद्यावर उपेंद्रचं हृदय होतं, आडवी चकती कापल्यासारखं. तिच्या जाड कडेत केसाएवढ्या बारीक पांढऱ्या रेषा गोल फिरत होत्या. कापलेल्या खोडात दिसतात तशा.

"पूर्वीचं सीटी स्कॅन क्ष-किरणांनी शरीराच्या चकत्या दाखवायचं," डॉक्टर सांगू लागल्या. "एमआरआय चुंबकानं मऊ भाग दाखवायचं. गाठ आहे का, रक्तवाहिनी तुंबली आहे का, हे त्यात कळायचं. पण ती दोन्ही आजचं शरीर दाखवायची. हे यंत्र मागचं दाखवतं. माणसाला एकदम धक्का बसला की रक्तात काही रसायनांचा लोंढा येतो आणि हृदयाच्या स्नायूवर बारीक चट्टे उठतात. बरे होताना त्यांची एक रेघ राहते. त्या रेघेतले धागे वर्षावर्षानं घट्ट होत जातात. किती घट्ट झालेत ते मोजलं की रेघ कुठल्या महिन्यातली ते कळतं. हीच वलयं."

"म्हणजे कुठल्या दुःखाची कुठली, ते दिसतं?"

"दुःख नाही दिसत, ताई. धक्का दिसतो. नेमका हाच घोळ लोक करतात. परवा दोन भाऊ आले होते. वडील गेले त्या महिन्यात धाकट्याच्या हृदयात वलय नाही. मोठा माझ्यासमोर म्हणाला, तुला बाबांचं काही नव्हतंच. खरं तर धाकट्यानंच वर्षभर अंथरुणाशी बसून सेवा केली होती. त्याला ते मरण रोज थोडं थोडं कळत गेलं, म्हणून रेघ उठली नाही. मी घसा कोरडा केला. मोठ्याला पटलं नाही. चित्र डोळ्यांसमोर असलं की माझं कोण ऐकतंय?"

मग त्यांनी पडद्यावरच्या एका रेषेवर बोट ठेवलं. ती सगळ्यांत रुंद होती, एका जागी तर भिंतीच्या आरपार गेलेली. "ही बारा वर्षांपूर्वीची. ऑगस्ट महिना. तेव्हा काय झालं होतं?"

वैजयंतीनं मनातल्या मनात मराठी महिना लावला. श्रावण. "काही नाही. आमचा ओजस गेला त्याच वर्षी, पण तो मार्गशीर्षात. नऊ वर्षांचा होता."

"डिसेंबर?" डॉक्टरांनी चित्र मोठं केलं. तिथं एक अगदी पुसट रेघ होती, असून नसल्यासारखी.

"असं उलटं कसं?" वैजयंतीनं विचारलं.

"म्हणून तर विचारते. हा श्रावणातला व्रण मनाच्या धक्क्याचा असेल तर औषधांवर भागेल. तसा धक्का बसलाच नसेल, तर तेव्हा रक्तवाहिनी तुंबून गेली होती असं धरावं लागेल. मग छाती उघडायची, आणि ही भिंत इतकी पातळ झालीय की त्यांचं तिथं काहीही होऊ शकतं. त्यांना विचारलं तर म्हणतात, आठवत नाही."

"मी विचारते त्यांना."

"जपून. आणखी एक असा धक्का या भिंतीला सोसायचा नाही. तो चुकूनही तुमच्याकडून बसू नये."

वैजयंतीनं चार दिवस मागून घेतले.

घरी तिनं काही विचारलं नाही. सकाळी पूजा, संध्याकाळी स्तोत्रं, मधल्या वेळात भाजी निवडणं. पण हात चालत असताना मन त्या श्रावणात फिरत होतं, आणि एकेक गोष्ट वर येत होती.

ओजसचं डोकं दुखायचं. एकाची दोन अक्षरं दिसायची. चष्मा लागेल म्हणाले होते. मोठ्या इस्पितळात एमआरआय काढला, रिपोर्ट आणायला उपेंद्र एकटा गेला. जिवतीचा शुक्रवार होता. तिनं ओजसला पाटावर बसवून पुरणाचे दिवे ओवाळायला घेतले होते. जिवतीमाय, माझ्या लेकराला उदंड आयुष्य दे. तेवढ्यात उपेंद्र आला आणि पायांतले बूटही न काढता दारातच उभा राहिला. "काय म्हणाले?" तिनं विचारलं. "अर्धशिशी," तो म्हणाला. "वाढत्या वयात होते." त्या दिवशी त्यानं पुरणपोळी पानात तशीच टाकली. ज्याला तीन पोळ्यांनी काही होत नसे त्यानं.

दुसऱ्या दिवशी आठवलं ते सायकलचं. दिवाळीला घेऊ म्हणून ठरलेली सायकल त्यानं श्रावणातच आणली. तिसऱ्या दिवशी आठवलं की त्यानंतर तो ओजसला एकदाही रागावला नाही.

रागावत ती होती. तिनं त्या महिन्यांत पोराला पाढे म्हणायला बसवलं. एकोणिसाच्या पाढ्यात तो सारखा अडखळायचा, डोळे चोळायचा, आणि ढोंग करतो म्हणून तिनं एकदा त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. उपेंद्र त्या वेळी खिडकीपाशी होता. तो वळला नव्हता. त्याचे खांदे तिला आता दिसले.

चौथ्या दिवशी तिला ठाऊक झालं. कुणी सांगितलं नाही. दळण पडत जावं तसं ते चार दिवस पडत गेलं आणि शेवटी समोर ढीग होता. मेंदूच्या देठातली गाठ कापता येत नाही, हे तिला ओजस गेल्यावर डॉक्टरांनी सांगितलंच होतं; श्रावणातल्या तपासणीत ती दिसली नसेल, असं तेव्हा तिनं धरलं होतं. इलाज तेव्हाही नव्हता. म्हणजे चोरी इलाजाची नव्हती. चार महिन्यांची होती. माहीत असतं तर एकोणिसाचा पाढा मेला खड्ड्यात! तिनं त्याला मांडीवरून उतरवला नसता.

ती माळ घेऊन बसली. मणी सरकत राहिले. रडू आलं, तेही सावकाश, आवाज न करता.

मग ती केंद्रात गेली. "धक्काच होता. त्यांना आधी कळलं होतं. छाती उघडू नका."

डॉक्टरांनी तिचा हात धरला. "आणि तुम्हाला कळलंय, हे त्यांना ठाऊक आहे?"

"तुम्हीच म्हणालात ना, धक्का नको."

औषधं सुरू झाली. उपेंद्र हळूहळू जिना चढू लागला. दारात चप्पल काढताना पुन्हा गाणं गुणगुणू लागला. सहा महिन्यांनी जोडीदाराचं चित्र काढायचं असा तिथला नियम होता, म्हणून वैजयंतीही यंत्रात निजली. आत ठकठक आवाज होत होता. तिनं डोळे मिटून नाम घेतलं, आणि तरी एकच भीती होती. माझं हृदय चुगली करेल.

चित्र दोघांनी मिळून पाहिलं. त्या मार्गशीर्षात तिच्या हृदयात खोल पांढरी रेघ होती. अलीकडचे महिने मात्र स्वच्छ, सारवून काढल्यासारखे.

"अगदी धडधाकट हृदय आहे तुमचं," डॉक्टर म्हणाल्या. उपेंद्र पाणी प्यायला बाहेर गेला तेव्हा आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "तुम्ही ते सावकाश जाणलंत, ताई. म्हणून वाचलात."

वैजयंतीला वाचल्यासारखं वाटलं नाही. माझ्या लेकराचे चार महिने मला आत्ता कळले, आणि एक रेघसुद्धा नाही? ती पडद्याकडे बघतच राहिली. त्या दोन भावांतल्या मोठ्याला पटलं नव्हतं. तिलाही पटेना.

घरी आल्यावर उपेंद्र गॅलरीत खुर्ची ओढून बसला. दुपारचं ऊन गजांतून आत आलं होतं. "वैजू, बस जरा."

"कुकर लावायचाय."

"राहू दे गं कुकर. बस."

ती बसली.

"इतकी वर्षं धीर झाला नाही. वाटायचं, तुला सोसणार नाही. आज तुझं हृदय डोळ्यांनी पाहिलं. माझ्यापेक्षा तूच खमकी. आता सांगतो." तो गजांकडे बघत बोलू लागला. "ओजसचं मला आधीच कळलं होतं. श्रावणात. जिवतीच्या शुक्रवारी. तू ओवाळत होतीस आणि तो दिव्याकडे बघून हसत होता. मला तोंड उघडता आलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत..." त्यानं हात लांबवून गज धरला. "तू त्याला पाढ्यांवरून ओरडायचीस ना, तेव्हा वाटायचं ओरडू दे. एवढीच एक जागा आहे जिथं हा अजून साधा पोरगा आहे. जगणाराच पोरगा. मी तर त्याच्याशी धड बोलूसुद्धा शकत नव्हतो. लाड करत होतो नुसते, पाहुण्यासारखे."

वैजयंतीला ओरडायचं होतं. मला ठाऊक आहे. सहा महिने झाले, मला ठाऊक आहे. पण त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर होती, आणि त्या नजरेमागे कागदाइतकी पातळ झालेली भिंत होती. आपण एवढं धाडस करून सांगितलं ते हिला आधीच माहीत होतं, हिनं समोर बसून आपल्याला औषधं दिली, हे त्याला एकदम कळलं तर?

तिनं पदर तोंडाला लावला. "अहो," एवढंच म्हणाली. "अहो, तुम्ही एकट्यानं..."

तेवढं खरं होतं. उपेंद्र रडला, आणि बऱ्याच वेळानं शांत झाला. मग तिचा हात हातात घेऊन, अगदी हलकं झाल्यासारखा म्हणाला, "एक सांगू? त्या चित्रात एक गोष्ट मला फार लागली. माझी रेघ श्रावणात, तुझी मार्गशीर्षात. एकाच पोरासाठी आपण वेगवेगळ्या महिन्यांत फाटलो. आता पुढच्या चित्रात तुझ्या हृदयात या महिन्याची रेघ दिसेल. वाईट वाटतं गं, माझ्यामुळे पडणार. पण मला ती बघायचीय. ओजससाठी आपण दोघं एकदा तरी सारखे दिसू."

ती रेघ उठणार नव्हती. जे आधीच थोडं थोडं कळलेलं असतं त्याची रेघ उठत नाही, हे तिला केव्हाच समजावून सांगितलेलं होतं. सहा महिन्यांनी तो पडद्यासमोर वाकून शोधेल आणि तिथं सगळं स्वच्छ असेल. मग तो काय समजेल? हिला आधीपासून ठाऊक होतं? की हिला पोराचं काही नव्हतंच?

उपेंद्र आत जाऊन निजला. कितीतरी दिवसांनी त्याला गाढ झोप लागली होती.

वैजयंतीनं हातपाय धुतले आणि अवेळीच देवापुढे बसली. आजवर तिनं तिथं नवऱ्याचं आयुष्य मागितलं होतं, लेकराचं मागितलं होतं, पुढं पुढं काहीच मागायचं सोडलं होतं. समईची वात सारखी करून तिनं हात जोडले आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, "देवा, मला एकदा दुखू दे. एकदम दुखू दे. त्यांना दिसेल इतकं."